९९ रुपयांत बाइक: बंगळुरूच्या शब्दकोड्यापासून महागावच्या लकी ड्रॉपर्यंत

मागच्या भागानंतर आलेल्या मेसेजांपैकी एक आज वाचून दाखवतो. फुलसावंगीकडच्या एका पोराचा आहे. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच.

"भाऊ, माझं मोबाईल कव्हर-चार्जरचं दुकान आहे. इन्स्टावर अकरा हजार फॉलोअर झाले. ९९ रुपयाचं कव्हर घ्या अन् बाइक जिंका, असा गिव्हअवे टाकतो म्हणतो. तीन हजार पोट्टे जरी आले तरी बाइक निघते. काही लफडं तर नाही ना होणार?"

आधी हिशोब बघा. तीन हजार गुणिले ९९ म्हणजे २ लाख ९७ हजार. दीड लाखाची बाइक दिली तरी उरलेल्यात कव्हरांचा खर्च निघून वर चार पैसे राहतात. पोरगं हुशार आहे, यात वाद नाही. पण हा हिशोब त्याच्याआधी फार लोकांनी मांडलाय. कुणी शब्दकोड्याच्या नावाने, कुणी बचत योजनेच्या नावाने, आणि एकदा तर खुद्द सरकारनेच. आजचा भाग त्या सगळ्यांवर आहे. इतिहासाचा कार्यक्रम आहे म्हणून कायदाही इतिहासातूनच सांगणार, आणि त्या पोराला त्याचं उत्तर मध्येच कुठेतरी मिळून जाईल.

सुरुवात मुंबईपासून करू. फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीची ती मोठ्या पायऱ्यांची पांढरी इमारत आहे ना, सिनेमांत हमखास दिसते ती? तो मुंबईचा टाउन हॉल. १८३३ साली बांधून पूर्ण झाला. तो उभा करायला पैसे कुठून आणले? काही लॉटरी काढून. कलकत्त्याचा टाउन हॉलही तसाच. तिथे तर रस्ते आणि तलाव करायला लॉटरी कमिटीच होती. म्हणजे लॉटरी हा कंपनी सरकारच्या काळात उजळ माथ्याने चालणारा प्रकार होता.

पण सरकार काढतंय म्हटल्यावर बाकीचेही काढायला लागले. मग १८४४ साली कायदा आला: सरकारची परवानगी नसलेल्या सगळ्या लॉटऱ्या बंद. तो कायदा १८७० मध्ये गेला आणि त्याच्या जागी भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घातलं गेलं. परवानगी नसलेल्या लॉटरीची सोडत काढायला जागा किंवा ऑफिस चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि अशा लॉटरीची जाहिरात छापली तर हजार रुपयांपर्यंत दंड. ही दुसरी ओळ लक्षात ठेवा. सोडत काढणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि दोघंही गुन्हेगार.

दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हे कलम मात्र तिथेही आहे, नंबर २९७. कैद तेवढीच, छापणाऱ्याचा दंड पाच हजारांपर्यंत. १८७० साली छापणं म्हणजे कागदावरची जाहिरात. आज त्या जागी रील ठेवून बघा.

आता लॉटरी म्हणायचं कशाला? कोर्टांनी वर्षानुवर्षं ज्या गोष्टी तपासल्या त्या तीन. बक्षीस आहे का? ते नशिबावर मिळतं का? आणि त्या नशिबासाठी भाग घेणाऱ्याने पैसा मोजलाय का? तिन्ही असलं की लॉटरी. यातली कुठली तरी एक गोष्ट लपवायची, हाच पुढच्या सगळ्या इतिहासातला खेळ आहे. आणि तो सगळ्यात झकास खेळला एका शब्दकोडेवाल्याने.

त्यांचं नाव आर. एम. डी. चमारबागवाला. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही 'आरएमडीसी' म्हणून बघा, लगेच मान डोलावेल. यांचं 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक होतं आणि त्यात आरएमडीसी क्रॉसवर्ड नावाचं बक्षिसाचं शब्दकोडं यायचं. कोडं सोडवायचं, फॉर्म भरायचा, प्रवेश फी भरायची. जिंकलात तर मोठं बक्षीस.

तुम्ही म्हणाल, शब्दकोड्यात कसलं नशीब? डोकं लागतं. इथेच तर गंमत आहे. एका जागी दोन शब्द बसतील, दोन्ही अर्थाने बरोबर, असं ते कोडं रचलेलं. मग खरा शब्द कुठला? आयोजकाने आधीच ठरवून सीलबंद ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तो. म्हणजे भाषा कितीही येऊ दे, पाकिटात काय आहे हे ओळखायचं. ते डोक्याचं काम नाही, ते आकडा लावणंच झालं.

मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. त्यात एक फट होती: राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रातल्या स्पर्धा त्यातून सुटत होत्या. 'स्पोर्टिंग स्टार' बंगळुरूहून निघायचं, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून, आणि खपायचं मुंबई राज्यात. ओळखीचं वाटतंय ना? कंपनी माल्टात नाहीतर कुरासावमध्ये, ॲप आपल्या खिशात. फक्त तेव्हा सर्व्हरच्या जागी छापखाना होता.

सरकारने १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेली पत्रंही कक्षेत ओढली. चमारबागवाला मुंबई हायकोर्टात गेले आणि जिंकले. आधी एका न्यायमूर्तींसमोर, मग १९५५ च्या जानेवारीत अपिलातही, मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या खंडपीठापुढे. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला, मुख्य न्यायमूर्ती एस. आर. दास, आणि बाजी उलटली.

कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पेपर छापला कुठे याला महत्त्व नाही. तो मुंबई राज्यात फिरतो, फॉर्म इथे भरले जातात, फी इथल्या माणसांच्या खिशातून जाते, मग मुंबई सरकारचा कायदा त्याला लागू होणारच. दुसरी गोष्ट जास्त खोल होती. आयोजक म्हणत होते, हा आमचा धंदा आहे आणि घटनेने आम्हाला धंद्याचं स्वातंत्र्य दिलंय. कोर्ट म्हणालं, जुगार हा धंदाच नाही. घटनेतलं व्यापाराचं स्वातंत्र्य जुगाराला मिळत नाही. निकालपत्रात ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त येतं, महाभारत येतं, मनू आणि याज्ञवल्क्य येतात. कौटिल्यही येतो, पण त्याचं म्हणणं जरा निराळं: जुगारावर राज्याचं नियंत्रण असावं आणि त्यातून राज्याला उत्पन्नही मिळावं. हा कौटिल्य थोडा वेळ बाजूला ठेवा. बारा वर्षांनी तो महाराष्ट्र सरकारच्या तिकिटावर उगवणार आहे.

त्याच दिवशी, त्याच लोकांच्या दुसऱ्या खटल्याचाही निकाल लागला. तो होता केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याविरुद्ध. हा कायदा मला भारी आवडतो, कारण त्याने बंदी न घालता बंदी घातली. कोड्याची स्पर्धा चालवा, पण परवाना घ्या, महिन्याची एकूण बक्षिसं हजार रुपयांच्या वर नकोत आणि स्पर्धेला प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. झालं. यात कोण कशाला पडेल? लाखाच्या बक्षिसांचा बाजार एका ओळीत आटोपला. या दुसऱ्या निकालात कोर्टाने एक रेघही मारली: जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती स्पर्धा जुगार नाही. ही रेघ पुढे साठ-पासष्ट वर्षांनी क्रिकेटच्या फँटसी ॲप्सना तारणार होती.

आता जरा आपल्याकडे येऊ, कारण इथे एक गोष्ट आहे जी कायद्याच्या पुस्तकात कुणी अधोरेखित करत नाही.

१९५५ चा तो कायदा संसदेने राज्यांच्या विनंतीवरून केला होता, कारण जुगार हा मुळात राज्यांचा विषय. ज्या विधानसभांनी ठराव केले त्यांची नावं कायद्यात आहेत: आंध्र, मुंबई, मद्रास, ओरिसा, उत्तर प्रदेश, हैदराबाद, मध्य भारत, पेप्सू, सौराष्ट्र. त्या वेळी आपलं महागाव कुठे होतं? वऱ्हाडात, पुसद तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. आणि वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मध्य प्रदेशाचं नाव त्या यादीत नाही. पैनगंगेपलीकडचं माहूर, हदगाव मात्र हैदराबाद राज्यात, आणि हैदराबाद यादीत आहे.

म्हणजे १ एप्रिल १९५६ ला कायदा सुरू झाला तेव्हा नदीच्या त्या काठावर हजार रुपयांची मर्यादा आणि या काठावर नाही. सात महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांच्या सीमा बदलल्या आणि दोन्ही काठ एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात आले. राज्य एक, पण ज्या भागाला जो कायदा लागू होता तो तसाच. मग १९५८ साली मुंबई राज्याने लॉटरीचा नवा, एकच कायदा केला, विदर्भ-मराठवाड्यासकट. त्याचं मूळ सूत्र असं की लॉटरी बेकायदा, सोडून त्यात दिलेले थोडे अपवाद. नाव बदलत गेलं, कायदा अजून आहे. गणपती मंडळाच्या सोडतीची तिकिटं छापायला देण्याआधी कुणी तरी तो वाचावा, असं मला फार वाटतं. वाचत कुणी नाही.

मटक्याबद्दल एवढंच, कारण त्यावर वेगळा भाग करायचाय. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. ती सोय गेल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मडक्यातून आकडे काढायला सुरुवात केली. आपण कापूस पिकवणारा जिल्हा. कापसाच्या भावावर आकडा खेळणारे मात्र कापसाचं बोंडही न बघितलेले. असो.

मटका फोफावला तसा सरकारला कौटिल्य आठवला. केरळने १९६७ मध्ये राज्याची लॉटरी सुरू केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने. मुख्यमंत्री कोण? वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. म्हणजे दंड संहितेतलं कलम तुमच्या-माझ्यासाठी, आणि तिकीट सरकारचं. यात ढोंग आहे असं म्हणता येतं, आणि मलाही थोडं तसंच वाटतं. पण दुसरी बाजूही आहे. सरकारी सोडतीत नंबर कसा निघाला, बक्षीस दिलं की नाही, हे विचारायला दार असतं. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने राज्यांनाही वेसण घातली: एका अंकावर बक्षीस नाही, तिकिटावर राज्याची खूण हवी, सोडत राज्यानेच काढायची, वर्षाला बंपर सहापेक्षा जास्त नाहीत. आणि त्या कायद्यातली लॉटरीची व्याख्या सांगते, 'कोणत्याही स्वरूपातली, कोणत्याही नावाची' योजना. गिव्हअवे हे नाव त्यात आपोआप बसतं.

आता सगळ्यात घरचा विषय. लकी ड्रॉ बचत योजना.

तालुक्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे कार्ड पाहिलंय. महिन्याला दोनशे रुपये, वीस महिने. दर महिन्याला सोडत. नंबर लागला की मिक्सर नाहीतर गाडी घ्या आणि पुढचे हप्ते माफ. नाहीच लागला तर शेवटी पैशाच्या बदल्यात एखादी वस्तू. आमच्या गल्लीत असं एक कार्ड होतं, पिवळ्या रंगाचं, आणि आईने ते पोथीच्या पिशवीत ठेवलेलं. चौदाव्या महिन्यात चालक गाव सोडून गेला. अठ्ठावीसशे रुपये. कुणी पोलिसात गेलं नाही, आणि का गेलं नाही हे मला कायदा वाचल्यावर कळलं.

बँकांच्या बाहेर चाललेल्या अशा योजनांचा अभ्यास करायला रिझर्व्ह बँकेने जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला होता. त्यानंतर १९७८ मध्ये प्राइझ चिट आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा आला. हप्ते गोळा करायचे आणि त्यातून सोडतीने काही जणांना बक्षीस द्यायचं, याला कायदा प्राइझ चिट म्हणतो. जिंकलेल्याला पुढचे हप्ते माफ असोत वा नसोत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण बंदीचं कलम नीट वाचा: योजना चालवायची नाही, तिचा सभासद व्हायचं नाही, दुसऱ्या कुठल्या प्रकारे भाग घ्यायचा नाही, तिच्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत आणि पाठवायचे नाहीत. सभासदसुद्धा! आमच्या गल्लीतल्या बायकांना कलम माहीत नव्हतं, पण 'आपणच अडकू' ही भीती कुणीतरी घातलेली होती, आणि ती अगदी बिनबुडाची नव्हती. फसवणूक करणाऱ्याला असा कायदा आपसूक फायद्याचा पडतो, हे मला अजून पटत नाही. ज्याचे पैसे बुडाले त्याला तक्रार करताना संरक्षण हवं.

साधी भिशी यात येते का, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. दहा मैत्रिणी, सगळ्यांचे पैसे सारखे, प्रत्येकीला तिची पाळी आल्यावर पूर्ण रक्कम. यात कुणी कमी भरून जास्त नेत नाही, म्हणून हा प्रकार वेगळा. पण बाहेरचा माणूस मध्ये बसून कमिशन घेऊ लागला की चिट फंडाचे नियम आणि नोंदणी सुरू होते.

पुन्हा फुलसावंगीच्या दुकानाकडे. पोराचा युक्तिवाद मला फोनवर कळला: "भाऊ, मी बाइकचे पैसे कुठं घेतोय? ९९ रुपये तर कव्हरचे आहेत. मंग काहून नाही चालत?"

हाच प्रश्न मोठ्या लोकांनीही विचारून झालाय. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात, शाहरुख खान होता तेव्हा, 'हर सीट हॉट सीट' नावाची प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती. सोप्या प्रश्नाचं उत्तर एसएमएसने पाठवायचं, एसएमएसला २ रुपये ४० पैसे, बरोबर उत्तरांतून एकाची निवड, बक्षीस दोन लाख. एका ग्राहक संस्थेने तक्रार केली: बक्षीस फुकट आहे असा भास करता, पण ते एसएमएसच्या पैशांतूनच निघतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेल यांना एक कोटीचा दंड ठोठावला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, कारण बक्षिसाचा पैसा एसएमएसमधूनच आला याचा पुरेसा पुरावा तक्रारदारांकडे नव्हता.

बघा, सगळं एका मुद्द्यावर येऊन थांबलं: बक्षिसाचा पैसा आला कुठून? मोठ्या कंपनीविरुद्ध ते सिद्ध करणं अवघड गेलं. आमच्या पोराने तर मेसेजमध्ये स्वतःच लिहून दिलंय, 'तीन हजार पोट्टे आले की बाइक निघते.' उद्या केस झाली तर एवढं एक वाक्य सरकारी वकिलाला पुरतं. शिवाय माल खपावा म्हणून सोडत किंवा स्पर्धा ठेवणं, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांच्या यादीतच आहे, सरकारने सूट दिलेल्या प्रकारांशिवाय. स्पर्धा घेऊन निकाल न सांगणं हेही त्याच यादीत. हे कलम नवं नाही, १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात आलं तिथून चालत आलंय.

मी त्याला म्हटलं, सोडतीऐवजी सरळ सूट दे. नाहीतर खरोखर फुकट ठेव: खरेदीची अट नाही, फी नाही, बाइकऐवजी तुझ्या नफ्यातून परवडेल असा एखादा हेडफोन, नियम आणि शेवटची तारीख आधी लिहिलेली, निकाल सगळ्यांसमोर. पैसा काढून घेतला की तीन पायांतला एक पाय जातो. "अन् क्विझ ठेवलं तर? डोक्याचं काम झालं ना मंग," असं त्याने विचारलं. बघा, चमारबागवाला कुठे कुठे जन्म घेतात!

कौशल्याची ती १९५७ ची रेघ बरीच वर्षं टिकली. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ड्रीम ११ चा खेळ जुगार नाही, कौशल्याचा आहे असं धरलं. पण २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि त्याने रेघच पुसली. पैसे भरून, जिंकण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा. असा खेळ चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात केली तर दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. या कायद्याला कोर्टात आव्हानं गेली आहेत. सोडतीच्या गिव्हअवेला 'गेम' म्हणायचं की नाही, यावरही वकील भांडतील. पण फी घेऊन ऑनलाइन क्विझ आणि त्यावर बाइक, हे तर सरळ त्या व्याख्येच्या दारात जाऊन उभं राहणं आहे. आणि जाहिरातीची शिक्षा बघा, हे रील करून पैसे घेणाऱ्या आपल्या इन्फ्लुएन्सर भावंडांसाठी. १८७० चा हजार रुपये दंड कुठे आणि पन्नास लाख कुठे.

राहिला जिंकणारा. बक्षिसाची किंमत दहा हजारांवर गेली की देणाऱ्याने ३० टक्के कर आधी कापायचा. बक्षीस वस्तूत असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच वस्तू हातात द्यायची. दीड लाखाच्या बाइकवर ४५ हजार होतात. नव्व्याण्णव रुपये भरून जिंकलेला पोरगा हे ४५ हजार आणणार कुठून, आणि त्याने नाही आणले तर दुकानदार काय करणार, हे मी विचारलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "भाऊ, हेडफोन केवढ्याचा घेऊ?"